टाकी मोठी करताय? आधी वाळूचं ठरवा

समुद्री माशांची नवी, मोठी टाकी घरात आली की सगळं लक्ष काचेकडे जातं, आणि वाळूची आठवण होते ती मासे बादलीत गेल्यावर. म्हणून आठवडाभर आधीच जुन्या टाकीच्या तळाकडे काचेतून नीट पाहा. थरात राखाडी-काळे पट्टे दिसले किंवा नळी खुपसून काढल्यावर कुजक्या अंड्यांचा वास आला, तर तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलाय. अशी वाळू मासे आत असताना ढवळायची नाही. पहिल्या खेपेला मी ती पाण्यासकट जशीच्या तशी नव्या टाकीत ओतली होती. रात्री अमोनियाची टेस्ट गडद हिरवी, म्हणजे माशांना घातक! तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे: वरच्या थरातली मगभर वाळू जुन्याच खाऱ्या पाण्यात हलकी विसळून जिवाणूंच्या विरजणासारखी ठेवायची, बाकीची एकतर पार धुवायची, नाहीतर टाकून द्यायची.

जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलं असेल, तर प्रवाळांसाठी ती वाळू नकोच. चुनखडीची वाळू तांबं धरून ठेवते आणि फॉस्फेटही.

धुणार असाल तर हातमोजे हवेत, नाहीतर काटेरी किड्यांचे केस बोटांत रुततात. बादली एक तृतीयांशच भरा, नळ सोडा, तळापर्यंत हात घालून ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा भरा. ग्लासात घेतलेलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. शेवटचं विसळणं आरओच्या पाण्याने. नळाच्या पाण्याने अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतील ही भीती रास्त आहे, पण त्यांची मोठी वसाहत लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टाकीतल्या सच्छिद्र, जिवाणूंनी भरलेल्या दगडांत असते. ते दगड मात्र खाऱ्या पाण्यातच बुडलेले राहू द्या.

थोडी नवी वाळू लागेलच. ९० बाय ४५ सेंटीमीटरच्या तळावर ४ सेंटीमीटर थर म्हणजे साधारण १६ लिटर, वजनात अंदाजे २५ किलो. पिठासारखी बारीक घेऊ नका, पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या झोताने ती उडत राहते.

मिठाचं पाणी आदल्या दिवशी कालवून हीटर आणि पॉवरहेड लावून ठेवा. खारटपणा आणि तापमान जुन्या टाकीएवढंच हवं. झाकणाचे टब, जास्तीचा हीटर, एअरपंप आणि अमोनियाचं टेस्ट किट हाताशी असू द्या. दगड थेट काचेवर टेकवा आणि वाळू नंतर भोवतीने घाला, कारण बिळं करणारी कोळंबी किंवा गोबी मासा खालून पोखरतो आणि रचना कोसळते. पाणी भरताना वाळूवर ताट ठेवून त्यावर धार सोडा. तरी थोडं धुरकट होईलच. पहिला आठवडा अमोनिया रोज तपासा आणि खाणं हात आखडून घाला.

आणि जुनी वाळू फेकण्याआधी मासे मोजा. एखादा कमी भरला आणि तुमच्याकडे रॅस, म्हणजे वाळूत शिरून लपणारा मासा असेल, तर तो बहुधा त्याच वाळूत दडून बसलेला असतो. ओंजळीओंजळीने चाळून पाहा.