मातीतील क्रोमियम विरघळते की थांबते, हे कसे तपासावे

मातीत एकूण क्रोमियम किती, हा आकडा एकटा फारसा उपयोगी नाही, कारण त्याची दोन रूपे अगदी वेगळी वागतात. त्रिसंयुजी क्रोमियम, म्हणजे Cr(III), साधारण ५.५ पेक्षा जास्त सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) असलेल्या मातीत हायड्रॉक्साइड होऊन साक्यासारखे बसते, तर षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे Cr(VI), ऋणभारित क्रोमेटच्या रूपात पाण्यात विरघळून झिरपत्या पाण्याबरोबर खोलवर जाते आणि तेच विषारी असते.

नमुना वेगवेगळ्या खोलीवरून प्लास्टिकच्या अवजाराने घ्यावा. स्टेनलेस स्टीलमध्येच क्रोमियम असते. माती वाळवू नये. ती ओलीच हवाबंद डब्यात ४ अंश सेल्सिअसला ठेवावी. घाईत ओव्हनमध्ये वाळवलेला नमुना पुढच्या सर्व आकड्यांवर पाणी फिरवतो, म्हणून याच पायरीवर सर्वाधिक काळजी घ्यावी. हातमोजे घालावेत आणि धूळ उडू देऊ नये.

मग सामू मोजावा. आम्लधर्मी मातीत लोहाची ऑक्साइडे क्रोमेटला धरून ठेवतात. सामू वाढला की ही पकड सुटते. म्हणूनच अशा जागी विचार न करता सामू वाढवणारा चुना टाकणे धोक्याचे ठरू शकते.

पुढचे काम प्रयोगशाळेत करून घ्यावे. मातीचा एक भाग शुद्ध पाण्यात आणि दुसरा फॉस्फेटच्या सौम्य द्रावणात ढवळून दोन्ही गाळून घेतात. पाण्यात उतरते ते आजच वाहू शकणारे क्रोमियम. फॉस्फेटमध्ये त्याहून जे अधिक उतरते, ते कणांना चिकटलेले पण निसटू शकणारे. गाळून आलेले द्रावण आम्लधर्मी करून त्यात डायफिनाइलकार्बाझाइड हे रंग देणारे रसायन घातल्यावर षट्संयुजी क्रोमियम असेल तर जांभळा रंग चढतो आणि त्याची तीव्रता ५४० नॅनोमीटरला मोजतात. अविद्राव्य क्रोमेटसह सर्व षट्संयुजी क्रोमियम हवे असल्यास कार्बोनेट व हायड्रॉक्साइडच्या अल्कली द्रावणात ९० ते ९५ अंशांवर तासभर तापवावे लागते.

रंग चढला नाही, तरी काम संपत नाही. सेंद्रिय पदार्थ आणि फेरस लोह षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर करतात, पण मँगनीजची ऑक्साइडे विद्राव्य त्रिसंयुजी क्रोमियमला उलट दिशेने नेऊ शकतात. ही क्षमता पाहण्यासाठी ताज्या, ओल्या मातीत क्रोमियम क्लोराइड या त्रिसंयुजी क्षाराचे विरळ द्रावण घालून १५ मिनिटे हलवतात आणि पुन्हा तोच जांभळा रंग शोधतात. वाळवलेल्या मातीत ही क्षमता बरीच हरवते, त्यामुळे तिथे रंग न दिसणे हा माती सुरक्षित असल्याचा पुरावा धरू नये.