नव्या संगणकावर जुना पेजमेकर बसवताना

आखाजीच्या लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडच्या छापखान्यात नवा संगणक आला, की पत्रिकांच्या जुन्या फायलींसाठी २००१ सालचा पेजमेकर ७.० (पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर) त्यावर बसवताना अडचण येते.

१. सीडीतील सर्व फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. सेटअपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कॉम्पॅटिबिलिटीत विंडोज एक्सपी निवडावे आणि तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा.

२. बसवण्याची जागा विचारली जाते, तेव्हा प्रोग्रॅम फाइल्स टाळून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर द्यावे. खरी मेख येथेच आहे. कारण प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिण्यास विंडोज आडकाठी करते आणि जुन्या सॉफ्टवेअरला मात्र आपल्या काही नोंदी स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवण्याची सवय असते.

३. जपून ठेवलेले अपडेट असल्यास ते आताच, एकही फाइल उघडण्यापूर्वी बसवावे.

४. डीफॉल्ट प्रिंटर निवडून जुन्या संगणकातील मराठी फॉन्ट त्याच आवृत्तीचे आणावेत. आवृत्ती बदलली, तर ‘श्री गणेशाय नमः’ या ओळीतील जोडाक्षरसुद्धा विस्कटते.

जुन्या दोन-चार पत्रिकांची छापील प्रत हातात घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहीपर्यंत जुना संगणक फॉरमॅट करू नये.