टॅटू फिका पडलाय? आधी त्यावरची कातडी तपासा

टॅटूचा रंग उतरल्यासारखा वाटला की पहिला राग शाईवर निघतो, दुसरा काढणाऱ्यावर. त्याआधी टॅटूवरून पाण्याचा हात फिरवून बघा. ओला झाल्यावर रंग खुलला, तर शाई जागेवर आहे, वरची कातडी कोरडी पडली आहे. ओला करूनही मळकटच दिसला, तर प्रश्न कोरडेपणाचा नाही.

शाई त्वचेच्या वरच्या थरात नसतेच. ती साधारण १ ते २ मिलिमीटर खाली असते आणि वरच्या थरातून, काचेतून दिसावी तशी, आपल्याला दिसते. आजीच्या हातावरचं गोंदण काजळीचं असूनही हिरवट-निळं दिसतं, ते याच काचेमुळे. आपल्या बहुतेक चुका ही काच सांभाळण्यातच होतात.

सगळ्यात मोठी चूक उन्हाची. ऊन दोन्हीकडून मारतं: अतिनील किरणांनी शाईचे कण फुटतात, त्यातले बारीक तुकडे शरीर वाहून नेतं, आणि वरची कातडी रापली की रंगावर तपकिरी पडदा चढतो. पिवळा, पांढरा, फिका गुलाबी हे रंग आधी जातात. समुद्रावर गेल्यावर सनस्क्रीन आठवतं, पण रोज तासभर स्कूटरच्या हँडलवर असलेला हात उघडाच राहतो. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं लावा, तेही हात राखून नाही. एका अख्ख्या हाताला दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन लागतं, आणि उन्हातच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पावसाळ्यातही, कारण ढगांतून अतिनील किरण येतातच. याचा कंटाळा येत असेल तर सनकोट घाला. माझ्या मते तोच जास्त भरवशाचा.

मात्र ताज्या टॅटूवर सनस्क्रीन नको. खपल्या पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत सैल कपड्याने झाकायचा. या काळात तो दुधी, पांढुरका दिसतो. नवी कातडी तशीच असते, पण लोक घाबरून घासायला घेतात. नवरात्रात टॅटू काढला आणि नरकचतुर्दशीला त्यावर खसाखसा उटणं चोळलं, तर जेमतेम भरलेली जागा पुन्हा सोलवटून निघू शकते. त्या वर्षी तेवढी जागा सोडून अभ्यंगस्नान करा!

जुन्या टॅटूवरही रोज घासणी नकोच. साधा, बिनवासाचा साबण आणि अंग जरा ओलं असतानाच मॉइश्चरायझर, एवढं पुरे. खोबरेल तेल बऱ्या झालेल्या टॅटूवर चालेल. ताज्यावर तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर देऊ नका, घाम अडकतो. गोरेपणाची क्रीम तर लांबच ठेवा. काहींत स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते.

टॅटूवर लेझरने केस काढणंही टाळा. तो किरण गडद रंग शोधतो आणि शाईवरच तापतो. कातडी भाजते.

एवढं सगळं करूनही बोटांवरचे आणि तळव्याच्या कडेचे टॅटू पुसट होतातच. तिथली कातडी सतत घासते, त्यावर क्रीम नाही. टच-अपचा खर्च आधीच धरून ठेवा. आणि लाल रंगाचा भाग उंचावून खाजायला लागला, तर क्रीम बदलत बसू नका. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते, कधी वर्षांनीही उठते. ते काम त्वचारोगतज्ज्ञाचं.