सोन्याच्या खाणीजवळचे भूजल नमुने: निघण्याआधीची तयारी

सर्वांत आधी फिल्टर पिशवीत टाका, बाकीचं मग. ०.४५ मायक्रॉनचे, प्रत्येक विहिरीला एक आणि वर निदान चार जास्तीचे, कारण गढूळ पाण्यात एक फिल्टर अर्ध्या बाटलीतच तुंबतो. गेल्या फेरीत माझं फिल्टरचं पाकीट टेबलावरच राहिलं. आता आलोच आहोत तर घेऊन टाकू, म्हणून सहाही निरीक्षण विहिरींचं पाणी मी न गाळता, धातू विरघळलेलेच राहावेत म्हणून आधीच नायट्रिक ॲसिड घातलेल्या बाटल्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी तळाचा तांबूस गाळ बराच विरलेला दिसला, पाणी नितळ झालेलं, आणि मला बरं वाटलं. प्रत्यक्षात ॲसिडने तो लोहाचा गाळ पाण्यात उतरवला होता, आणि गाळाला चिकटलेलं आर्सेनिकही त्याच्याबरोबर. खाणीच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरीतही आर्सेनिक चढं आलं, जिथे खाणीकडून पाणी पोचतच नाही. अख्खी फेरी बाद. खालच्या वस्तीतली माणसं भूजलच पितात. त्यांनी आकडे विचारले, तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

‘लॅबमध्ये गाळू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वर आलेल्या पाण्याला हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं साकळतं आणि आर्सेनिकला ओढून घेतं. मग गाळलं तर आकडा खोटा कमी येतो. गाळायचं ते विहिरीच्या तोंडाशी, पंपाच्या नळीला फिल्टर जोडून, आणि ॲसिडच्या आधी. आधी गाळणं, मग ॲसिड. एकूण धातूंसाठी (विरघळलेले आणि गाळातले मिळून) न गाळलेली वेगळी बाटली घ्या आणि दोन्हींवर ठळक लिहा.

बाटल्यांसाठी लॅबला आठवडाभर आधी फोन करा. धातूंच्या बाटलीत पीएच २ च्या खाली जाईल एवढं नायट्रिक ॲसिड. सोनं काढायला सायनाइड वापरतात, म्हणून त्याच्या तपासणीची वेगळी बाटली: गडद रंगाची, सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर नेलेली. या दोन बाटल्यांची झाकणंसुद्धा अदलाबदल होऊ देऊ नका. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड गेलं तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. आकडाही जातो आणि माणसाला धोका असतो तो वेगळाच. मुक्त, डब्ल्यूएडी (सौम्य ॲसिडने सुटणारं) आणि एकूण सायनाइड या तीन वेगळ्या तपासण्या आहेत, कोणती हवी ते मागणीपत्रात लिहा. नुसतं ‘सायनाइड’ लिहिलंत तर लॅब तिला वाटेल ती करेल आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलनाच होणार नाही. आर्सेनिकसाठी लॅब किती खालपर्यंत मोजते तेही फोनवरच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. लॅबची मोजणीच तिथून सुरू होत असेल तर त्या अहवालाचा उपयोग नाही.

यादीत सल्फेट हवंच. सल्फाइडयुक्त खडक हवा-पाण्याने कुजायला लागला की बहुतेक वेळा सल्फेट आधी वाढतं, पीएच नंतर घसरतो. नायट्रेटही हवं, कारण सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं. पूर्वी तिथे पाऱ्याने सोनं काढलं असेल तर पाराही.

विहिरींच्या कुलपांच्या किल्ल्या, गंजलेल्या कुलपांसाठी तेल, नायट्राइल हातमोजे. पीएच आणि वाहकतेचं मीटर त्याच सकाळी प्रमाण द्रावणांवर लावून घ्यायचं, हे सांगायला नको.

उपसा म्हणजे नमुन्याआधी विहिरीच्या नळीतलं साचलेलं पाणी काढून टाकणं. त्याआधी पाण्याची पातळी मोजा, नंतर मोजलेली कामाची नाही. उपशाचा हिशोब घरूनच करून न्या: ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला साधारण २ लिटर पाणी असतं, म्हणजे १० मीटर पाण्याला २० लिटर, आणि तीन पट उपसा म्हणजे ६० लिटर. घाई म्हणून एवढा उपसा टाळलात तर नळीत साचलेलं शिळं पाणी बाटलीत येईल. पंप मंद ठेवा. पीएच, वाहकता आणि गढूळपणा लागोपाठ तीन वाचनांत स्थिर झाला की मगच नमुना. बेलर (दोरीने सोडून पाणी काढायची नळी) धपकन सोडलात तर तळ ढवळतो, आणि मग जास्तीचे चार फिल्टरही पुरत नाहीत.

क्रम स्वच्छ विहिरीकडून दूषित विहिरीकडे. वरच्या अंगाची विहीर पहिली, गाळाच्या तलावाच्या (सोनं काढून उरलेला गाळ साठवतात त्या) पायथ्याची शेवटची. एका बाटलीत शुद्ध पाणी त्याच प्रकारच्या नव्या फिल्टरमधून गाळून भरा, म्हणजे फिल्टरमधूनच काही उतरतंय का ते कळेल. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार, म्हणजे त्याच विहिरीची दुसरी बाटली.

पुढचं थोडक्यात. चिठ्ठ्यांवर न पुसणारी शाई, वेळ मिनिटापर्यंत. बर्फ भरपूर. नायट्रेटची तपासणी ४८ तासांच्या आत व्हायला हवी, सायनाइडची १४ दिवसांच्या आत. त्यामुळे लॅबच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी निघू नका. ताबापत्रावर (नमुने कुणाकडून कुणाकडे गेले त्याची नोंद) देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही.

आणि गाडी सुरू करण्यापूर्वी मागचं दार उघडून फिल्टर हाताने मोजा.