आईच्या फोनवर यूपीआय लावून देताना

"ओटीपी कुणालाही सांगू नका." बँकेच्या भिंतीवर हेच, कॉलर ट्यूनवर महिनोनमहिने हेच, आणि नातू आजीला शिकवतो तेही हेच. माझ्या आईनं आजवर कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही. ती आख्खा फोनच हातात देत होती. "बघ की रे बाळा, काय आलंय ते."

आपल्या बेळगाव सीमाभागात ही सवय जुनी आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, लाईट बिल कन्नडमध्ये, बँकेचा मेसेज इंग्रजीत. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं आयुष्यभर कुणाला तरी विचारूनच कामं उरकली. कागद होता तोवर त्यात फार बिघडत नव्हतं. आता त्याच हातानं ती फोन पुढे करते, आणि फोनमध्ये तिचं खातं असतं. म्हणून माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळच येऊ नये, असा तो लावून द्यायचा. आई खानापूरकडे, सासूबाई वडगावात, आणि भिशीतल्या बायका. पंधरा-वीस फोन तरी मी असे लावून दिले असतील. पहिले चार-पाच चुकीचे लावले, तेही सांगते.

खातं आणि सिम

सिम तिच्या नावावर, तिच्याच फोनमध्ये, आणि तोच नंबर बँकेत. बँकेत मुलाचा नंबर असेल तर आधी शाखेत जाऊन बदला. संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथंच कळवता येतं.

यूपीआयला जोडायचं खातं वेगळं आणि हलकं ठेवा, बाजारहाटापुरतं. मुदत ठेव आणि पेन्शन त्यात नको. मात्र नवं खातं उघडताना एक बघा. सरकारी योजनेचे पैसे आधारवर येतात ते शेवटी ज्या खात्याला आधार जोडला त्या खात्यात. नवं खातं उघडताना तिथं आधार जोडायला संमती दिली की वाट बदलते. भिशीतल्या एकीचे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये "बंद झाले" म्हणून दोन महिने रडारड चालली होती. पैसे नव्या खात्यात आरामात पडून होते.

भाषा

फोनची भाषा मराठी करा, पेमेंटच्या अ‍ॅपची भाषाही मराठी करा, अक्षरं मोठी करा. पाच मिनिटांचं काम.

बँकेचे मेसेज तरीही इंग्रजीतच येणार. इंग्रजी शिकवत बसू नका, दोनच शब्द ओळखायला शिकवा: क्रेडिटेड आणि डेबिटेड. क्रेडिटेडचं पहिलं अक्षर म्हणजे तोंड उघडं असलेली चंद्रकोर, त्यातून पैसे आत येतात. डेबिटेडचं पहिलं अक्षर बंद असतं: मोठं असेल तर दोरी ताणलेलं धनुष्य, लहान असेल तर गोल आणि उजवीकडे उभी काठी. मी वहीच्या पानावर दोन्ही मोठ्ठी काढून दिली. आईनं ते पान देवघराच्या दारावर चिकटवलं. आता "बघ की रे बाळा" निम्म्यावर आलंय.

पिन

इथं मी सपाटून मार खाल्ला. म्हणून इथं घाई करू नका.

पहिली चूक: आईचा पिन मीच ठरवला, तिचं जन्मसाल. लक्षात राहायला सोपं म्हणून. ते साल तिच्या आधार कार्डावर आहे, पासबुकात आहे, आणि शक्ती योजनेच्या फुकट तिकिटासाठी कंडक्टरला दाखवलेल्या कार्डावरही आहे. दुसरी चूक: तो मला माहीत होता. "विसरलीस तर मी आहे ना," असं मी म्हटलं, आणि त्या एका वाक्यानं तिला शिकवलं की पिन घरच्या माणसाला सांगायचा असतो. मग "घरचं माणूस" वाढत गेलं. भाचा, शेजारचा पोरगा, शेवटी रिचार्जच्या दुकानातला मुलगा. त्याला शिल्लक बघायला फोन दिला, त्यानं पिन विचारला, आणि तिनं तो दुकानात चार माणसांसमोर आकडा आकडा करून मोठ्यानं सांगितला. त्या मुलाच्या मनात काही नव्हतं, म्हणून पैसे राहिले. त्यात माझी हुशारी काहीच नाही.

तिसरी चूक मी इतरांचं ऐकून केली. सगळे सांगतात, "पिन फक्त पैसे पाठवताना लागतो." हे खोटं आहे. शिल्लक बघतानाही पिन लागतो. तुम्ही हा नियम सांगता, दुसऱ्या दिवशी आई शिल्लक बघते, अ‍ॅप पिन मागतं, पैसे काही जात नाहीत. झालं. नियम मोडला. पुढं कुणी फोनवर सांगितलं, "मावशी, पैसे जमा करायला पिन टाका," तर ती टाकते, कारण पिन टाकूनही पैसे जात नाहीत हे तिनं स्वतः पाहिलेलं असतं. मी आता असं सांगते: पिन टाकला की पैसे जातील, नाहीतर शिल्लक दिसेल. पिन टाकून पैसे कधीही येत नाहीत. पैसे घ्यायला क्यूआरही स्कॅन करायचा नसतो. पूर्वी कुणीही अनोळखी माणूस यूपीआयवर पैशांची मागणी पाठवू शकायचा. माणसामाणसांतली ती सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, पण फोनवरची थाप बंद झालेली नाही.

हे तोंडी सांगून डोक्यात जात नाही. एक रुपयाचा सराव करा. समोरासमोर बसा, तुमच्या फोनवरून तिला एक रुपया पाठवा. तिचा फोन टेबलावर पडलेला असू दे, ती बोटही लावणार नाही. पैसे आले. पुन्हा पाठवा. दहा वेळा. दहा रुपयांत हा धडा होतो. मग तिला तुम्हाला एक रुपया पाठवायला सांगा. पिनच्या पानावर वर रक्कम आणि नाव असतं. ते मोठ्यानं वाचल्याशिवाय आकडा दाबायचा नाही. वाचायचं मोठ्यानं, पिन मनात. सासूबाई आता भाजी मार्केटात "तीस रुपये" असं पुटपुटूनच पिन टाकतात. मागची माणसं खोळंबतात. खोळंबू देत.

पिन तिनंच ठरवायचा, त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर. विसरली तर डेबिट कार्डावरून किंवा आधारच्या ओटीपीवरून दोन मिनिटांत नवा करता येतो, त्यामुळे तुम्हाला माहीत असायची गरजच नाही. फोन उघडायचे आकडे आणि यूपीआयचे आकडे एकच नकोत. आता काही अ‍ॅपमध्ये पिनऐवजी बोटाच्या ठशानेही पैसे जातात. ते चालू करण्याआधी फोनमध्ये कुणाकुणाची बोटं नोंदवलेली आहेत ते बघा. एका आजीच्या फोनमध्ये तीन नातवंडांची निघाली, गेम खेळायला.

आणि शेवटी खोटा फोन. हा सराव मी कधीच सोडत नाही. पहिल्या वेळी कोल्हापूरच्या भाच्याला नव्या नंबरवरून आईला फोन करायला लावला. "मावशी, बँकेतून बोलतोय. गृहलक्ष्मीचा हप्ता अडकलाय, कार्डाचा नंबर सांगता का?" तिनं सोळाच्या सोळा आकडे वाचून दाखवले. नंतर मी विचारलं, "कसं काय दिलंस?"

"अगं, मराठीत बोलत होता. आपला माणूस वाटला."

इथं काउंटरवर कुणी मराठीत उत्तर दिलं की आपण विरघळतो. सरकारी कामात आपली भाषा इतकी क्वचित कानावर पडते की ती ऐकू आली की माणूस खरा वाटतो. फसवणाऱ्यांना याची नीट जाण आहे. ते निपाणीत मराठीत बोलतील, गोकाकला कन्नडमध्ये. आईला मी आता एवढंच सांगून ठेवलंय: खऱ्या बँकेनं तुला आजवर कधी मावशी म्हटलंय का? स्वतःहून फोन करून कुणी मावशी म्हणाला की फोन ठेव. बँकेचं काम असेल तर ते बँकेत जाऊन. शाखेला फोन करायचाच असेल तर पासबुकावरचा नंबर. गुगलवर शोधलेला "कस्टमर केअर" नंबर अजिबात नको, तिथं खोटे नंबर पेरलेले असतात.

दुसऱ्यांदा भाच्यानं फोन केला तेव्हा ती म्हणाली, "थांब, माझ्या मुलीला विचारते," आणि फोन ठेवला. पास. दोन-तीन महिन्यांनी मी पुन्हा लावायला सांगते, वेगळ्या बहाण्यानं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या फाईली

लग्नसराईत हे जास्त. "पत्रिका" म्हणून फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके असतं. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप, आणि असलं अ‍ॅप मेसेज वाचतं, त्यात ओटीपीही आला. वाहनाचा दंड आणि पीएम किसान यांच्या नावानेही हेच चालतं. समजावत बसण्यापेक्षा वाट बंद करा: सेटिंगमध्ये "अज्ञात अ‍ॅप इन्स्टॉल करा" अशी जागा असते, तिथं व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम दोन्हीची परवानगी काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपलाही दोन टप्प्यांची पडताळणी लावा. तो सहा आकड्यांचा पिन यूपीआयपेक्षा वेगळा.

अंगठा

2023 मध्ये कर्नाटकात खरेदीखतांवरच्या अंगठ्यांच्या ठशांवरून आधारमार्फत खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार उघड झाले. त्याला ना ओटीपी लागतो ना पिन. उपाय म्हणून सगळे सांगतात, "आधारचं बायोमेट्रिक लॉक करा." करा, पण मग रेशन दुकानात अंगठा चालत नाही, आणि आई रांगेतून रिकामी पिशवी घेऊन परत येते. दर वेळी अ‍ॅपमधून थोड्या वेळापुरतं उघडता येतं, पण ते तिला एकटीला जमणार आहे का? माझ्या मते रेशनवर अवलंबून असलेल्या घरात लॉकचा हट्ट धरू नये. आधार जोडलेल्या खात्यात फार पैसे साठू देऊ नयेत, आणि आधारवरून पैसे काढायची सोय बंद करून मिळते का ते शाखेत विचारावं. ज्यांना अंगठा कधीच द्यावा लागत नाही, त्यांनी आजच लॉक करावं.

पैसे गेलेच तर

1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन. आधी हा नंबर, मग बाकी सगळं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर मधेच गोठवता येतात. फोनवर आधी कन्नड ऐकू आलं तर घाबरायला नको. एवढं वाक्य पाठ असू दे: "नन्न खातेयिंद हण होगिदे," माझ्या खात्यातून पैसे गेलेत. मग मराठी, हिंदी, जमेल ते. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, अ‍ॅपच्या इतिहासात मिळतो. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार तोटा तुमच्यावर येत नाही. पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, पण त्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी. त्यामुळे तेव्हाही उशीर नको. तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर नोंदवता येते, नाहीतर सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात.

एक गोष्ट पैशाची नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणतो. असली अटक कायद्यातच नाही. मार्च 2025 मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात एका वृद्ध जोडप्यानं अशा छळातून जीव दिला. म्हणून घरात आधीच सांगून ठेवा: असा फोन आला तर मला सांग, रात्री दोन वाजता असला तरी सांग, कितीही पैसे गेले असले तरी सांग, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका. माझ्या ओळखीत एका काकूंनी आठ दिवस लपवून ठेवलं, कारण मागच्या वेळी फक्त 500 रुपये गेले होते तेव्हा मुलगा सगळ्यांसमोर बोलला होता.

1930, बँकेच्या शाखेचा नंबर आणि तुमचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी चिकटवा. फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही. फोनच हॅक झालेला असतो किंवा चोरीला गेलेला असतो, तेव्हा नंबर शोधायचा कुठं?