वनस्पतींतली रसायनं आणि कर्करोग : या चुका टाळा

गाजर चांगलं, मग गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून घेतलं तर आणखी चांगलं, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. तो तपासूनही झाला आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यात रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनसोबत अ जीवनसत्त्वही दिलं होतं. तिथे २८ टक्के वाढ दिसली आणि जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच, गोळ्या बंद कराव्या लागल्या.

२० मिलिग्रॅम म्हणजे जेमतेम चार मध्यम गाजरं. पण कच्च्या गाजराच्या पेशींत अडकलेलं कॅरोटीन थोडंथोडं सुटतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. गोळीतलं मात्र रक्तातली पातळी कित्येक पटींनी चढवतं. धुरानं आधीच पोळलेल्या फुफ्फुसात त्याचं ऑक्सिडेशन होऊन घातक तुकडे बनत असावेत, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून धूम्रपान करत असाल किंवा पूर्वी केलं असेल, तर मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टणावरची यादी वाचा. डोळ्यांसाठीच्या गोळ्यांची तर नक्कीच वाचा. त्यांच्या जुन्या मिश्रणात १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असायचं. नव्या मिश्रणात त्याच्या जागी ल्युटीन १० आणि झिअ‍ॅझँथिन २ मिलिग्रॅम असतं, ते मागून घ्या. गाजरं खुशाल खा.

काचपात्रातला आकडा पोटाला लावणं

‘हळदीनं कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशी बातमी दिसली की आधी मात्रा शोधा. अशा प्रयोगांत पेशींवर हळदीतलं करक्युमिन लिटरमागे साधारण १० मायक्रोमोल, म्हणजे १०,००० नॅनोमोल, इतकं ओततात. माणसांना रोज ३.६ ग्रॅम करक्युमिन दिलं, तेव्हा तासाभरानं रक्तात सापडलं ते लिटरमागे सुमारे ११ नॅनोमोल. फरक जवळपास हजारपटीचा. शिवाय हळदपुडीत करक्युमिन असतं वजनाच्या तीनेक टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात सुमारे ९० मिलिग्रॅम.

यावर उपाय म्हणून मिऱ्यातलं पायपेरिन घातलेल्या कॅप्सूल मिळतात. २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं तर शोषण वीसपट होतं, हे खरं. पण पायपेरिन हे साधतं ते औषधं निकामी करणारी यकृतातली यंत्रणा दाबून, आणि ती यंत्रणा तुमच्या बाकीच्या गोळ्यांसाठीही तीच. फेनिटॉइन (फिटचं औषध), थिओफिलिन (दम्याचं), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं) यांची रक्तातली पातळी त्यानं चढते. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. भाजीतली हळद आणि चिमूटभर मिरपूड या भानगडीत येत नाही.

चिरल्याचिरल्या आचेवर टाकणं

हे बहुतेक स्वयंपाकघरांत घडतं, आणि दुरुस्तीला खर्च शून्य. लसणाची अख्खी पाकळी हुंगून पाहा, वास जवळपास नसतो. ठेचली की क्षणात नाकात जातो. पेशी फुटून लसणातलं अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिनेज हे एन्झाइम एकत्र आले की अ‍ॅलिसिन तयार होतं, त्याचा तो वास. एन्झाइम उष्णतेनं मरतं. उंदरांवरच्या प्रयोगात ठेचल्याबरोबर ६० सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेल्या लसणाचा कर्करोगाविरुद्धचा संरक्षक परिणाम नाहीसा झाला. आधी १० मिनिटं ठेवलेल्याचा बराचसा टिकला. तेव्हा ठेचा, १० मिनिटं थांबा, मग फोडणीत टाका. त्या १० मिनिटांत लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका, आंबटपणानंही एन्झाइम बंद पडतं.

ब्रोकोलीचं तसंच. तिच्यातल्या ग्लुकोराफॅनिनपासून सल्फोराफेन हे उपयोगी मानलं जाणारं रसायन बनवतं ते मायरोसिनेज हे एन्झाइम. बारीक चिरा, ४० मिनिटं तशीच ठेवा, मग ३-४ मिनिटं वाफवा. पाण्यात उकळून पाणी फेकलंत तर बरंच काही त्याबरोबर गेलं. गोठवलेली ब्रोकोली कारखान्यातच उकळत्या पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे तिच्यात एन्झाइम जवळपास उरलेलं नसतं. कितीही वेळ थांबून उपयोग नाही. तिथे २०० ग्रॅम शिजलेल्या भाजीवर १ ग्रॅम, म्हणजे अर्धा चमचा, मोहरीची पूड ताटातच भुरभुरा. मोहरी त्याच कुळातली, तिचं मायरोसिनेज कामाला येतं. पूड कच्चीच हवी, भाजलेली नको.

टोमॅटोचं गणित उलटं आहे. शिजवलेल्या, थोडं तेल घातलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य जास्त शोषलं जातं.

हिरवा चहा : कप आणि कॅप्सूल एकच समजणं

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं की गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य रसायन) गेल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, ही यकृताला इजा होत असल्याची खूण. उपाशीपोटी शोषण आणखी वाढतं, तेव्हा रिकाम्या पोटी ही कॅप्सूल नकोच. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर बंद करून यकृताची तपासणी करा. चहा प्यायचा असेल तर ६५ अंशांखाली निवू द्या. त्याहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये नोंदवलं आहे.

उपचार चालू असताना ‘सोबत’ काहीतरी घेणं

ईजीसीजी बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधाला रासायनिकरीत्या बांधून निष्प्रभ करतं, असं प्रयोगांत दिसलं. सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीमुळे इरिनोटेकन या केमोथेरपीच्या औषधाच्या क्रियाशील रूपाची पातळी ४२ टक्क्यांनी घसरली. कॅप्सूल, अर्क, काढा, जे घेत असाल त्याची बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवा. नुसतं ‘आयुर्वेदिक काहीतरी’ म्हटल्यानं त्यांना काहीच ठरवता येत नाही.

पानं चघळणं, बिया फोडणं

व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध सदाफुलीतून मिळतं, म्हणून पानं चघळणारे आहेत. हे औषध फक्त शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पानात शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात, कुठल्या पानात किती याचा नेम नाही. आणि व्हिन्क्रिस्टिन विभाजित होणाऱ्या पेशी मारतं. निरोगी माणसानं प्रतिबंध म्हणून घ्यायचं ते रसायनच नाही.

जर्दाळूच्या कडू बियांतलं अमिग्डालिन ‘व्हिटॅमिन बी-१७’ या नावानं विकलं जातं. ते जीवनसत्त्व नाही. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरच्या अभ्यासात त्यानं गुण आला नाही, काहींच्या रक्तात सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ गेलं. प्रौढांना तीनपेक्षा जास्त लहान बियाही सुरक्षित मर्यादेपलीकडे नेतात, लहान मुलांना एकच पुरते. बिया खाल्ल्यावर डोकं गरगरणं, मळमळ, धाप यांपैकी काही जाणवलं तर उलटीची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि उरलेल्या बिया सोबत न्या.