काळ्या गुळाचा व्हिनेगर

व्हिनेगरसाठी गुऱ्हाळावरून गूळ घेताना पिवळाधमक, देखणा रवा (ढेप) बाजूला ठेवा. हायड्रॉस या विरंजक रसायनाने रंग उजळवलेल्या गुळात सल्फाईट उरतं आणि ते यीस्टला दाबतं. भेंडीच्या रसाने मळी काढलेला काळपट गूळ उत्तम.

१ किलो गूळ ६ लिटर पाण्यात उकळून गाळा. ३० अंशांवर आल्यावर ५ ग्रॅम वाईन यीस्ट मिसळून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं झाकण) लावा. आठेक दिवसांत बुडबुडे थांबतात. साखरेचा मद्यार्क झालेला असतो.

खरं काम पुढचं. वरचा नितळ द्रव रुंद चिनी बरणीत अर्ध्यापर्यंतच भरा (तांबं, पितळ, अॅल्युमिनियम नको) आणि त्यात १.५ लिटर न तापवलेला, जिवंत व्हिनेगर विरजणासारखा घाला. यात कंजुषी केली की आम्लता कमी पडते आणि बुरशी आधी बसते. तोंडाला मलमल बांधा, कारण मद्यार्काचं आम्ल करणाऱ्या अॅसिटोबॅक्टर जिवाणूंना हवा लागतेच. २८-३० अंशांवर महिना-दीड महिना बरणी हलवू नका. गुळगुळीत जेलीसारखी साय चांगली. सुरकुतलेला पांढरा पापुद्रा म्हणजे रानटी यीस्ट. केसाळ बुरशी दिसली तर सगळं ओता.

वासावर विसंबू नका. १० मिली नमुना डिस्टिल्ड पाण्याने पातळ करा, नाहीतर गुळाच्या रंगात फिनॉल्फ्थॅलिनचा (आम्ल संपलं की गुलाबी होणारं दर्शक द्रव्य) गुलाबी दिसत नाही. त्याचे थेंब नमुन्यात टाका. गुलाबी रंग टिकेपर्यंत ०.५ नॉर्मल (लिटरमध्ये २० ग्रॅम) कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब-थेंब घाला; ते जितके मिली लागेल, त्याला ०.३ ने गुणलं की आम्लाची टक्केवारी मिळते. लोणच्यासाठी ती ४ टक्क्यांच्या वर हवी. तिथे पोहोचल्यावर रेंगाळू नका: मद्यार्क संपला की हेच जिवाणू आम्ल खाऊ लागतात. गाळून ६५ अंशांवर १० मिनिटं तापवा, बाटल्या गळ्यापर्यंत भरा.